डावा आकडा

मल्हारला स्वतःची चूक सोसत नाही, ही काळजी वसुधाच्या मनातून कधी गेलीच नाही. दुसऱ्याची तो हसून सोडून देई. स्वतःची मात्र आठवडाभर उगाळत बसे. मागे एका बाटलीवरचं नदीचं नाव चुकीचं उतरवलं म्हणून त्याने छापायला दिलेला अख्खा लेख परत मागवला होता.

आइंडहोवनची चांगली नोकरी सोडून तो लायडनच्या संग्रहालयात पाणकिड्यांच्या मागे लागला, त्याला सहा वर्षं झाली. त्याच्या जन्माआधी कुणीतरी सुरीनामच्या ओढ्यांतून आणलेले किडे स्पिरिटच्या बाटल्यांत पडून होते. अशाच एका बाटलीत तिळाएवढा किडा निघाला, अजून नाव न मिळालेला. दोन वर्षं ताडून पाहिल्यावर तो म्हणाला, "आई, नवीनच जात आहे. चित्रं तू काढशील?"

वसुधाच्या हाताला वळण होतं. हूफडॉर्पच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिने सूक्ष्मदर्शकातल्या फोटोंवरून पेन्सिलीने आकृत्या काढल्या. मल्हारने त्यातला केसन् केस मोजून पसंती दिली. मग शाई भरताना नराच्या शेपटाकडच्या, गळासारख्या वाकलेल्या दोन आकड्यांपैकी डावा फरकटला. तिने उजवाच उलटा करून गिरवला, रांगोळीत करतात तसा.

आज सकाळी छपाईआधीचा मजकूर ती सहज वाचत होती. 'डावा आकडा आखूड व बोथट. याच खुणेवरून ही जात वेगळी ठरते.' चित्रात दोन्ही लांब, टोकदार. दुरुस्त्या आज पाचपर्यंतच कळवायच्या होत्या.

"अगं, जगात दहा माणसं वाचणार," तिचे यजमान मोरेश्वर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. "त्यातली नऊ चित्र बघणारसुद्धा नाहीत."

"दहावा बघेल ना. किडा समोर ठेवून म्हणेल, हा तो नव्हे."

"मग सांग मल्हारला."

"सांगितलं तर सगळंच मागे घेईल. तुमचाच मुलगा."

"माझा? मी चुका करून गाढ झोपतो. उगाळणं तुझ्याकडचं."

वसुधाने पेन्सिलीची जुनी आकृती बाहेर काढली, नवा कागद घेतला आणि डावा आकडा पुन्हा उतरवला. शाई वाळेपर्यंत दोन वाजले. 'जरा स्वच्छ प्रत पाठवतेय' एवढंच मेलमध्ये लिहून भागलं असतं. तिने लिहिलंही. पण मल्हार दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघणार, आणि आपल्याच नजरेतून निसटलं म्हणून दोष स्वतःकडे घेणार. तिने ते वाक्य खोडलं आणि चूक आपली आहे हे मल्हारला सांगायला फोन हातात घेतला.