मामांचा संकष्टीचा स्नॅपशॉट

एखादी वस्तू एकच असेल तर ती नाहीच असं समजून चालावं, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत आहे. ते नवघरला राहत होते तेव्हा त्यांच्याकडे चष्मे दोन, छत्र्या तीन आणि गॅसचे लायटर, मी एकदा मोजले होते, चक्क पाच होते. घराची एक किल्ली त्यांच्या खिशात, एक वॉचमनकडे, एक मीरा रोडला आमच्याकडे आणि एक थेट उत्तनला, त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे. उत्तनला कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नवघर आणि मीरा रोड एकाच पावसात पाण्यात जातात, जावईबापू." कुलूप इथे आणि किल्ली बसनं तासाभराच्या अंतरावर, यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कधीच कळलं नाही.

मामा एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो विभाग घरी आणला. कुठलीही गोष्ट बदलण्याआधी ती आत्ता कशी आहे हे टिपून ठेवायचं, हा त्यांचा नेम. सुतार यायच्या आधी चारही भिंतींचे फोटो. केस कापायच्या आधी स्वतःच्या डोक्याचे, पुढून आणि मागून. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून आवाज चढले की हे उभे राहणार आणि म्हणणार, "एक मिनिट. भांडण सुरू करण्याआधी आपण कुठे होतो ते लिहून घ्या. नंतर परत यायला बरं पडतं." लोक हसत, पण लिहूनही घेत. मला वाटतं त्यामुळेच त्या सोसायटीतली भांडणं कधी फार रंगली नाहीत.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला लोक डिनर सेट देतात, मामांनी एक काळा डबा आणून टीव्हीखाली बसवला. त्यात घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या फाईली राहणार, आणि डबा स्वतःच रोज त्यांचा स्नॅपशॉट घेणार. म्हणजे काय, असं विचारण्याची चूक मी केली. "म्हणजे डिस्कला सांगायचं, आत्ता जे आहे त्याला हात लावू नकोस. उद्या कुणी काही बदललं, पुसलं, तर नवं बाजूला लिही. जुनं आहे तिथेच, आहे तसंच. नक्कल करायची नाही, म्हणून जागाही फार लागत नाही." रोजचे स्नॅपशॉट पंधरा दिवसांनी आपोआप जाणार. पण महिन्याचा एक मामा स्वतः येऊन घेणार आणि तो वर्षभर ठेवणार. त्यासाठी त्यांनी संकष्टीचा दिवस धरला होता, कारण उपास सोडायला चंद्रोदयापर्यंत थांबायचं असतं आणि नुसतं बसून भूक जास्त लागते. मग दर संकष्टीला मामा आमच्याकडे येत, स्नॅपशॉट घेत, आधीच्या महिन्यातली एखादी फाईल उघडून बघत. "उघडून बघितली नाही ती फाईल आहे असं म्हणू नये," असं वर मला सुनावत. मी त्यांची चेष्टा करायचो. डब्याला दुर्वा वाहायच्या का, असंही एकदा विचारलं होतं.

त्या डब्यात माझं जपण्यासारखं काही नव्हतं, बायकोचं होतं. ती शाळेत शिकवते, आणि सहा-सात वर्षं सुट्टीच्या दिवशी गोडदेवला जाऊन तिथल्या एका आगरी आजीचे धवले टिपत होती. धवले म्हणजे लग्नातल्या एकेका विधीची गाणी. ती गाणारी धवलारीण, आणि गोडदेवची ही आजी त्यात फार मानाची. मामा रेकॉर्डर धरायला सोबत जात. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. मागच्या हिवाळ्यात तिची मुलगी आमच्याकडे आमंत्रण घेऊन आली. म्हणाली, "बाई, आयचा आवाज हाय नं तुमच्याकडं? मंग माझे पोरीचे हलदीला आयच गानार." बायको म्हणाली, "आहे ना. सगळं आहे."

ती गेल्यावर बायकोनं फोल्डर उघडलं. आत काहीही नव्हतं.

काय झालं होतं ते मला लगेच कळलं. तीन आठवड्यांपूर्वी मी नवा लॅपटॉप घेतला होता. लॅपटॉप आणि डबा दोन्हींकडे सारखंच राहील अशी सोय करायला गेलो, आणि दोन्हींतलं खरं कुठलं या प्रश्नाला कोऱ्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. त्या आज्ञाधारक यंत्रणेनं डबाही तितकाच कोरा करून टाकला. रेकॉर्डर केव्हाच पुसून शाळेच्या गॅदरिंगला वापरला गेला होता. बायको तेच फोल्डर बंद करून पुन्हा पुन्हा उघडत राहिली.

मी मामांना फोन लावला. "मामा, कुणीतरी धवले पुसलेत."

"कुणीतरी म्हणजे तुम्हीच ना? बरं. डबा बंद करू नका, कशाला हात लावू नका. येतोय."

वीस मिनिटांत रिक्षानं आले. चष्मा बदलला, डब्याला लॅपटॉप जोडला आणि आधी एक नवा स्नॅपशॉट घेतला.

"मामा, कशाचा घेताय? आत काहीच नाही."

"काहीच नाही, त्याचाच. आपण अजून घोळ घालू शकतो."

रोजचे पंधराच्या पंधरा स्नॅपशॉट उघडले, सगळे रिकामे. घालवल्याला तीन आठवडे होऊन गेले होते, म्हणजे पंधरा दिवस मी इमानेइतबारे शून्य जपत होतो. मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर मागितलं. "लॅपटॉप कधी घेतला?"

"गुरुवारी. त्या आठवड्यात तुम्ही आला होतात."

"मंगळवारी आलो होतो. अंगारकी होती." दोन दिवस आधी. त्यांनी अंगारकीचा स्नॅपशॉट उघडला, आणि धवले एकाखाली एक, नावांसकट उभे राहिले. मामा म्हणाले, "थांबा, उघडून बघू." आजीचा आवाज लागला. आयुष्यात इतकं हलकं मला क्वचितच वाटलं आहे. बायको इतका वेळ कोरडी होती, ती आता रडायला लागली. गाणं रंगात आलं आणि मध्येच मामांचाच आवाज आला, "थांबा हं आजी, लाल दिवा लागलाय का बघतो." त्यावर आजी, "आरं बाला, गाऊ का नको?" बायको रडता रडता हसली. रेकॉर्डरच्या दिव्यापायी मामांनी मध्येच टाकलेल्या या वाक्यावरून ती त्यांच्याशी किती वर्षं भांडत आली होती. निघताना मामा म्हणाले, "डबाच जळला असता तर मी काय करणार होतो?" पुढच्याच आठवड्यात धवल्यांची नक्कल घेऊन एक डिस्क किल्लीच्या सोबतीला उत्तनला गेली.

हळदीसाठी बायको तो मधला भाग कापायला निघाली, तर आजीच्या मुलीनं तिचा हात धरला. "न्हाय, नका काढू. बाकी सगलीकडं आय गाते. तिथंच तेवढी बोलते." हळदीच्या मांडवात गाणं थांबलं, आजीनं विचारलं, गाऊ का नको, आणि गोडदेवच्या सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, "गा गो आय."

आता मामा पुण्याला मुलीकडे राहायला गेलेत. नवघरच्या घराच्या चारही किल्ल्या भाडेकरूला दिल्या, उत्तनची सुद्धा. दर संकष्टीला स्नॅपशॉट मी घेतो आणि मागच्या महिन्यातली तीच एक फाईल उघडून ऐकतो. मामा विचारतात, लाल दिवा लागलाय का, आणि मी रिकाम्या खोलीत दर वेळी म्हणतो, "लागलाय, मामा." मग त्यांना फोन करतो. "उघडली?" ते विचारतात. उघडली म्हटलं, की ते जेवायला बसतात.