हेराल्डची वाटणी

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात खेमराज हेडाऊचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. हसतात ते यासाठी की, भावाशी चक्क मोटारगाडीची वाटणी करणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. गप्प का होतात, ते सांगायचं म्हणजे गाडीपासूनच सुरुवात करायला हवी.

गाडी स्टॅन्डर्ड हेराल्ड. मद्रासला बनलेली, दुधी रंगाची, चार दारांची. खेमराजचे वडील लुगड्यांचे व्यापारी. नागपूरच्या एका डॉक्टरानं ती विकायला काढली तेव्हा त्यांनी घेतली. मोहाडीनं तोवर जीप पाहिली होती, ॲम्बेसेडर पाहिली होती, पण हिचं सगळंच न्यारं. बॉनेट उघडायचं तर मडगार्डांसकट अख्खं तोंडच पुढं उलटायचं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं व्हायचं. खेमराज आणि त्याचा थोरला भाऊ मारोतराव पुढच्या दोन चाकांवर समोरासमोर बसून पाने चालवत, भांडत, खिदळत. मागची दोन्ही चाकं आपापली वेगळी हलायची. जॅक लावून गाडी उचलली की ती पोटाखाली दुमडायची, आणि बघणारा हमखास म्हणायचा, "गेली हिची कंबर!" कंपनीनं पुढं गॅझेल नावाची नवी गाडी काढली तेव्हा मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा निमूट सरळ दांडा बसवला. खेमराजनं ती बातमी घरात कोणी गेल्यासारखी सांगितली होती.

माग सोडून तो गाडीच्या नादी लागला तो कायमचाच; पुढं त्यानं गॅरेजच टाकलं. एक गोष्ट तर तो भेटेल त्याला ऐकवायचा. ही गाडी मुळात इंग्लंडातली. तिथं कंपनीला अख्खं अंग एकसंध करून देणारा कारखाना दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. तेव्हा यांनी अंगाचे तुकडे केले आणि खालच्या चौकटीवर बोल्टांनी आवळले. "दुसऱ्या गाड्या ठोकून बनतेत," खेमराज म्हणे, "हे जोडून बनलेली आहे."

वडील गेले आणि वर्षभरात वाटणी निघाली. पंच बसले. भांडी झाली, माग झाले, घरात भिंत ठरली. गाडीवर घोडं अडलं. पंच म्हणाले, विकून टाका. ते दोघांनाही नको होतं. मारोतराव म्हणाले, "मी थोरला आहो. गाडी माही." खेमराजचं डोकं फिरलं.

"हिचे दोन हिस्से होतेत," तो म्हणाला. "मीच करून देतो."

आणि बोलला तसं केलंही. सगळ्या आळीदेखत बोल्ट सोडले. पुढचा भाग, इंजिन आणि चौकट मारोतरावांना. मागचा भाग, छत आणि चार दारं स्वतःला. बिनदाराची, मागून उघडी पडलेली ती गाडी बघून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासुरवाडीच्या गावी, सानगडीला, मारोतरावांनी कापडाचं दुकान टाकलं आणि आपला हिस्सा ट्रकवर घालून घेऊन गेले. त्यानंतर भाऊ भावाच्या दारात गेला नाही. पोरांची लग्नं झाली तरी नाही.

गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, खेमराजच्या गॅरेजसमोर एक टेम्पो येऊन थांबला. त्यात चौकटीसकट हेराल्डचा पुढचा हिस्सा होता, धुवूनपुसून ठेवलेला. मागोमाग फोन आला.

"खेमराज, मी दादा बोलून राहिलो. डॉक्टरनं घरी पाठवलं मले. आता औषध नाही म्हणते. तू गाडी जोड अन् घेऊन ये. एकदा बसाचं आहे."

"येतो दादा," खेमराज म्हणाला.

सानगडी काही लांब नाही; एसटीनं तो दुपारपर्यंत पोचला असता. पण इतक्या वर्षांनी रिकाम्या हातानं समोर जाऊन बोलायचं काय? माफी मागायला त्याची जीभ उचलत नव्हती. गाडी मात्र त्याच्या वतीनं सगळं बोलली असती. म्हणून ती जशी होती तशी, तंतोतंत झाली पाहिजे, या हट्टानं त्याला धरलं.

हिस्से जुळले. इंजिनही खोकत का होईना, चालू झालं. पण मागचं डावं दार काही केल्या बसेना. वेगवेगळं पडून दोन्ही हिश्श्यांनी आपापला वाक धरला होता. बोल्टांखाली पत्र्याच्या चकत्या घाल, सैल कर, पुन्हा आवळ. खालून बसलं की वरून फट पडे.

बायको, रुखमा, चिडून म्हणाली, "दार पाहाले बोलावलं का तुमाले? माणूस वाट पाहून राहिला ना जी!"

मारोतरावांचा पुन्हा फोन आला. आवाज पार खोल गेला होता. "काय रायलं गा?"

"दार लागून नाही राहिलं दादा. उद्या होते."

"असू दे ना. ये."

"उद्या येतोच."

उद्याचा परवा झाला. कामात खोळंबा नको म्हणून त्यानं फोनही बंद ठेवला. अखेर दार बसलं. बोटानं ढकललं तरी अलगद लागायचं. खेमराजनं अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि गाडी काढली. रस्ताभर तो एकटाच, दादाला पहिलं वाक्य काय बोलायचं ते घोकत होता.

सानगडीत शिरल्यावर त्याला दादाच्या घरापुढं माणसं दिसली. अंगणात बांबू आणि गवत येऊन पडलं होतं. मारोतराव पहाटेच गेले होते.

दुर्गावहिनी बाहेर आल्या. रडून रडून त्यांचे डोळे कोरडे झाले होते. त्या गाडीपाशी गेल्या, मागचं डावं दार उघडलं, लावून पाहिलं.

"चांगलं लागते जी, भाऊजी," त्या म्हणाल्या. "कालपासून एकच बोलत होते ते. दार दोरीनं बांधून आन म्हना त्याले."

खेमराज मातीतच बसला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. दादानं केव्हाच माफ केलं होतं, आणि तो मोहाडीत दार बसवत राहिला होता.