उजव्या पेट्याची कोंबडी

कोंबडी कापायच्या आधी तो तिला मोबाइलसारखं कानाला लावायचा. रांगेतल्या आम्हां सगळ्यांना म्हणायचा, "थांबा गड्यांनो, काळीज कुणीकडं वाजतंय बगू द्या."

विश्रामबागेतलं त्याचं चिकन सेंटर तुम्ही पाहिलं असतं, तर माझ्यासारखेच दुसरीकडे जायचं ठरवून पुन्हा तिथेच गेला असता. माल ताजा आणि करमणूक फुकट.

त्याचं स्वतःचं हृदय उजवीकडे होतं. जन्मापासूनच. घरातले सगळे फौजेत. याला मात्र भरतीच्या डॉक्टरांनी परत पाठवलं. तेव्हापासून माधवनगरचा थोरला भाऊ, निवृत्त सुभेदार, त्याला चारचौघांत 'डागी माल' म्हणे.

"माज्यासारकं आनी कोन तरी आसंलच की," तो म्हणायचा. माणसांची छाती उघडून बघता येत नव्हती, म्हणून कोंबड्या.

एका रविवारी माझ्याकडे जावई यायचे होते. मी एक गावरान कोंबडी पसंत केली. त्याने कान लावला, नाराजीने मान हलवली, कापली, पोट उघडलं आणि ओरडलाच. दाणे दळणारा पेटा कोंबडीच्या डावीकडे असतो, हिचा उजवीकडे. कलेजीचा मोठा भागही उलट्या बाजूला. हृदय तर कोंबडीचं जवळजवळ मधोमधच, कानाला ते कुठलं कळणार. आरशात बघावी तशी कोंबडी.

"सर, घावली!"

"छान. आता तुकडे कर."

"तुकडं? आवं, दादाला दावायची हाय!"

त्याने शटर ओढलं, कोंबडी परातीत घेतली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसला. कोंबडी माझी होती, म्हणून मीही निमूट निघालो.

सुभेदार अंगणात पेपर वाचत होते.

"दादा, बग. आतनं समदं उलटं. तरी हिंडली, फिरली, अंडी घातली. हिलाबी डागी म्हनशील?"

सुभेदारांनी चष्मा लावून कोंबडी निरखली. बराच वेळ. मग घरात हाक दिली, "अगं, मसाला वाट."

माझे जावई त्या दिवशी पिठलं जेवले. इकडे आम्ही तिघं जेवायला बसलो. सुभेदारांनी पहिला घास सावकाश चावला.

"चव काय येगळी न्हाई रं," ते म्हणाले आणि आपल्या ताटातली तंगडी उचलून त्याच्या ताटात ठेवली. तो ढसाढसा रडायला लागला. मलाही भरून आलं. पण खोटं कशाला सांगू, भूकही लागली होती.

गेल्या वर्षी तो गेला. अंत्ययात्रेला सुभेदार कोटावर सगळी पदकं लावून आले. उजव्या बाजूला.

कुणीतरी हळूच म्हणालं, "आवं, उलट्या बाजूला लावल्यात की."

"आसू द्यात," सुभेदार म्हणाले आणि पुढे होऊन त्यांनी खांदा दिला.