कामतेकरांचं जेट

फ्लाइंग क्लबात उडण्यापेक्षा बसणंच जास्त. कधी विमान दुरुस्तीला गेलेलं, कधी आभाळ भरलेलं, कधी पेट्रोल यायचंय. मग चहा मागवायचा आणि कोण कुठे आपटता आपटता वाचला ते सांगत बसायचं. मी मुंबईच्या अशाच एका क्लबाचा चिटणीस होतो, राहायला ठाकुर्लीला. ठाणे-डोंबिवलीकडचे आम्ही काही हौशी मेंबर होतो, म्हणून क्लबात उरलेले किस्से घरापर्यंत यायचे. त्यातले बरेचसे कामतेकरांचे.

कामतेकरांचा डोंबिवलीला एमआयडीसीत रंगाचा कारखाना. क्लबाचे अध्यक्षही तेच. चाळिशी उलटल्यावर त्यांनी खाजगी पायलटचं लायसन्स काढलं आणि त्या दिवसापासून ते स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायला लागले. कारखान्यातले लोक बिचारे म्हणायचेही.

* * *

एकदा त्यांना एकट्याने नाशिकला जाऊन यायचं होतं. आमच्याकडे दोन सीटचं, पुढे पंखा असलेलं जुनं विमान. नकाशा बघायचा त्यांना कंटाळा, म्हणून खाली रेल्वेचे रूळ बघत निघाले. पण कल्याणला रूळ फुटतात. एक लाइन कसाऱ्यावरून नाशिकला जाते, दुसरी कर्जतला.

साहेब लवकर परत आले, खुशीत होते. आमचे इन्स्ट्रक्टर करंदीकर सर ठाण्याच्या टेंभी नाक्याचे, पण बोलणं एकदम पुणेरी. त्यांनी विचारलं, "कसा झाला प्रवास?"

"मस्त. मी रूळ धरूनच गेलेलो. वाटेत माथेरान काय सुंदर दिसलं, सर."

"नाशिकच्या वाटेवर माथेरान आपण कधीपासून ठेवलंत?" सर म्हणाले.

* * *

ठाण्याचे डॉक्टर नाडकर्णी आमच्या कमिटीवर होते. दातांचे डॉक्टर. त्यांचं लँडिंग असं व्हायचं की शेजारी बसलेल्याची कवळी हलावी. चाकं टेकली की सवयीने ते शेजाऱ्याला विचारायचे, "दुखलं?"

पण नाडकर्णींना आपली पायरी माहीत होती. ते त्या जुन्या विमानाच्या पुढे कधी गेले नाहीत. कामतेकरांची गोष्ट वेगळी.

* * *

नव्वदनंतर लोकांच्या हातात परदेशी वस्तू यायला लागल्या. कोणी टीव्ही आणला, कोणी वॉशिंग मशीन. कामतेकरांनी ठरवलं, आपण छोटं जेट घ्यायचं आणि स्वतः चालवायचं. बायको आणि मुलगी मागे बसणार, हे गोव्याला नेणार.

जेट विकणाऱ्या परदेशी कंपनीची एक अट होती. इन्स्ट्रक्टरने लेखी शिफारस दिली तरच ते ट्रेनिंगला घेणार. म्हणजे करंदीकर सरांची सही हवी. सर सही देईनात.

"अहो, जेटला पंखाच नाही," कामतेकर म्हणाले. "म्हणजे एक काळजी कमीच झाली ना?"

सरांनी त्यांना क्लबातल्या खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले. जेटने मुंबईला उतरायचंय असं समजा आणि काय काय कराल ते बोलत जा, म्हणाले. आम्ही सगळे शिकताना असंच खुर्चीवर उडायचो. सर मधेमधे विमान कुठे पोचलं ते सांगत होते. कल्याण. ठाणे. कामतेकर अजून चाकं खाली सोडायचं बटण शोधत होते.

"रनवे मागे गेला," सर म्हणाले. "तुमचं विमान समुद्रावर आहे आणि तुम्ही अजून डोंबिवलीत. क्रम उलटा हवा, कामतेकर. डोकं पुढे, विमान मागे."

कामतेकरांनी डोळे उघडले आणि खुर्ची डुगडुगते म्हणून तक्रार केली.

* * *

मग ते जेट दाखवायला खरोखरच मुंबईत आलं. सोबत गोरा पायलट. कामतेकर भटजी घेऊन हजर. आमच्या जुन्या विमानाची दसऱ्याला पूजा व्हायची तशीच साग्रसंगीत पूजा झाली. हार, अक्षता, चाकापुढे नारळ फुटला, करवंट्यांचे तुकडे चहूकडे. आणि कामतेकरांनी थाटात पायलटला हात केला, चालू कर.

जेटचं इंजिन समोर जे पडलेलं असेल ते ओढून घेतं. करंदीकर सर धोतराचा सोगा सावरावा तशी पँट वर ओढून धावले. दोन्ही हात वर करून पायलटला थांबवलं आणि गुडघ्यांवर बसून झेंडू आणि करवंट्या वेचायला लागले. मीही बसलो. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

कामतेकर उभ्या उभ्या म्हणाले, "ऐन पूजेत अपशकुन केलात, सर."

* * *

पुढच्याच रविवारी त्यांनी आपल्या बंगल्यावर कमिटी बोलावली. ठराव एकच. करंदीकर सरांना कमी करायचं आणि सही देणारा नवा इन्स्ट्रक्टर आणायचा. सरांना दुसरी नोकरी नव्हती, ते कोपऱ्यात ताठ बसून होते. मला कामतेकरांचा भयंकर राग आलेला, पण चिटणिसाला मत नसतं. बाकीच्यांचं काही ना काही काम कामतेकरांकडे अडकलेलं. वडे आले, चटणी आली. नाडकर्णींनी सरांकडे न बघता हात वर केला. मग एकेक करून सगळ्यांनीच केला.

मी मोजणार तेवढ्यात कामतेकरांची मुलगी आत आली. तिला आदल्याच दिवशी गाडीचं लायसन्स मिळालेलं.

"बाबा, नवीन गाडीची चावी द्या ना. ठाण्याला जाऊन येते."

"वेडी आहेस का गं?" कामतेकर ओरडले. "शिकलीस कशावर? त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या डबड्यावर. ही गाडी केवढी पळते माहितीय? तुला कळायच्या आत भिंतीत जाशील. आधी वर्षभर ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं, मग बघू."

ती पाय आपटत गेली. कामतेकर आमच्याकडे वळले. "हां, तर किती झाले?"

मी हात मोजायला मान वर केली. सगळे हात वड्यांच्या ताटात होते.