दोन कुलपांमधलं घर

वडील गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला धुळ्याच्या घरी जी माणसं आली, त्यातला एक कुणाच्याच ओळखीचा नव्हता. पांढरा शर्ट, हातात मेणबत्त्यांचा पुडा. त्रिशरण-पंचशील होईपर्यंत तो शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसला, आणि जेवणाच्या वेळी आपण होऊन वाढायला उठला. मला वाटलं, वडिलांच्या एसटी वर्कशॉपमधला कुणी असेल. आईला वाटलं, माझ्या जळगावच्या ऑफिसातला. निघताना तो आईसमोर वाकला. "अक्का, काही लागलं तर सांगा. मी शेजारीच असतो."

शेजारी कुणीच राहत नव्हतं. आमची कॉलनी पांझरा नदीच्या पलीकडे, भिंतीला भिंत लागून बांधलेल्या घरांची. डावीकडचं कुटुंब मुलाकडे पुण्याला गेलं होतं. उजवीकडच्या मास्तरांनी वडील आजारी असतानाच घर विकलं होतं. दोन्ही दारांना एकसारखं मोठं पितळी कुलूप लागलेलं. ती दोन्ही कुलपं त्या पांढऱ्या शर्टवाल्याचीच होती, हे नंतर कळलं. तो घरांचा एजंट होता.

आईला जळगावला आणायचं आणि घर विकायचं, हे माझं फक्त मनात होतं. तिच्याशीही अजून बोलले नव्हते. पुढच्या रविवारी धुळ्याला पोचले, तर तो आमच्या ओट्यावर बसलेला.

"ताई, एरंडोलला गाडी बराच वेळ थांबली ना आज?"

थांबली होती. मी कुणाला फोनही केला नव्हता.

"घराचं काय ठरवलं?"

"अजून काहीच नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि चहाचा कप स्वतः आत नेऊन विसळून ठेवला. कुठल्या फळीवर ठेवायचा, हे त्याला विचारावं लागलं नाही.

होळी होऊन गेली. धुळ्याचं ऊन तापायला लागलं, आणि ऐन उन्हात आमच्या डाव्या भिंतीला ओल आली. आधी तळहाताएवढा डाग, मग सगळी भिंत. दुपारी कॉलनी सामसूम असताना पलीकडच्या बंद घरात नळ वाहिल्याचा आवाज यायचा. मधेच काहीतरी जड ओढल्यासारखं व्हायचं. मी भिंतीला कान लावला, की आवाज थांबायचा. दाराचं कुलूप तसंच. अशाच एका संध्याकाळी त्याचा आईला फोन आला. "अक्का, भिंतीला ओल आली का हो? जुनं बांधकाम. आता ते असंच व्हायचं."

वेगळा एजंट बघायचा, असं मी ठरवलं. पहिला फोनवर मोठ्या उत्साहाने बोलत होता. गल्ली कुठली ते ऐकलं आणि म्हणाला, "तिकडचं काम मी घेत नाही." दुसरा एजंट घराचे फोटो काढायला निघाला. कोपऱ्यावर आमचा हा माणूस स्कूटरवर एक पाय टेकून उभा होता. दोघं काही बोललेही नाहीत. दुसऱ्याने गाडी तिथूनच वळवली आणि नंतर माझा फोन उचलला नाही. तिसऱ्याने तेवढं खरं सांगितलं. "मधलं घर मिळाल्याशिवाय त्याला दोन्ही बाजूंच्या घरांचा उपयोग नाही, ताई. तिन्ही मिळून बिल्डरला द्यायची आहेत. त्यालाच देऊन टाका आणि सुटा."

शेवटी जळगावच्या माझ्या शेजारणीने एका एजंट बाईंचं नाव सुचवलं. पन्नाशीच्या, बोलायला तुटक. धुळ्याच्या गिऱ्हाइकांशीही त्यांचा व्यवहार होता. त्या माझ्याबरोबर एसटीने आल्या. कोपऱ्यावरच्या स्कूटरकडे त्यांनी बघितलं, त्यानेही त्यांच्याकडे बघितलं. घरात आल्यावर त्यांनी खोल्या पाहिल्या नाहीत, माप घेतलं नाही. आईजवळ खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी दाराशीच थांबले. आतून त्यांचा आवाज आला. "आई, तुम्हाला इथून जायचंय का?"

हा प्रश्न आम्हा कुणालाच सुचला नव्हता. माझी समजूत होती की आईचा जीव या घरात अडकलाय, तिला मलाच सोडवून न्यावं लागेल.

आई घरातल्या घरात बोलायची त्या भाषेत हळू म्हणाली, "माले आठे भ्याव वाटस. मी दुपारले दाराले टेबल लाई बसस." आणि थोड्या वेळाने, "जावानं शे. पन त्याले नही देवानं."

मी आत गेले. तिला इथे भीती वाटत होती, जायचंच होतं; फक्त घर त्याला द्यायचं नव्हतं. इतके दिवस ती फोनवर मला "सगळं बरं आहे" म्हणत होती.

बाईंनी काम घेतलं, एका अटीवर. येईल त्या गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंच्या घरांचं आणि त्या माणसाचं सगळं आधीच सांगायचं. "लपवून विकलं, तर उद्या तो त्यांनाही असाच कुरतडेल. मला त्या पापात पडायचं नाही."

सांगितल्यावर बरेच जण परत गेले. काहींना कोपऱ्यावरच कुणीतरी सांगितलं की या घरात वाईट घडलंय. मोहाडीकडचे फॅब्रिकेशनचं काम करणारे तीन भाऊ मात्र सगळं ऐकूनही टिकले. थोरला हसला. "आम्ही घरात माणसं भरपूर, ताई. आम्हाला कोण काय करतो?"

खरेदीखताच्या दिवशी आम्ही नोंदणी कार्यालयात पोचलो, तर तो आधीच बाकावर बसलेला. त्याला तारीख कुणी सांगितली, ठाऊक नाही. आईला त्याने हात जोडले. तिने मान फिरवली. त्याला राग आलेला दिसला नाही. तो सरकून त्या भावांच्या म्हाताऱ्या वडिलांशेजारी बसला. "आबा, चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो," असं काहीतरी बोलू लागला. आमचं नाव पुकारलं, आम्ही आत गेलो. बाहेर आलो तेव्हा दोघं एका बिस्किटाच्या पुड्यातून खात होते.

आई आता माझ्याकडे जळगावला असते. सुरुवातीला दारावरची बेल वाजली, की आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची. आता कॉलनीतल्या बायकांबरोबर संध्याकाळी विहारात जाते. एजंट बाई कधी भेटल्या तर तिची आवर्जून चौकशी करतात.

मध्यंतरी घर घेतलेल्या त्या तिघांतल्या थोरल्याला फोन केला. महापालिकेत तक्रार करून डावीकडचा नळ त्यांनी बंद करून घेतला होता, भिंत वाळत आली होती. मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "तो तुमचा माणूस येतो अधूनमधून. परवा आबांना डोळे दाखवायला घेऊन गेला होता. आम्हाला कुठे वेळ मिळतो?"

मी घाईघाईने त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. पलीकडे ग्राइंडरचा आवाज चालू होता.

"हो हो, ताई," तो म्हणाला. "पण खरं सांगू? वाटतो तेवढा वाईट नाहीये तो."