कडेची खुर्ची

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला सगळं कळतं असं मला वाटायचं. दुपारी कॉलेज सुटलं की जालन्यातल्या एका दैनिकाच्या कार्यालयात जाऊन बसायचे, पाणीटंचाईच्या चार-चार ओळी लिहायचे आणि कुणी विचारलं तर 'मी पत्रकार' असं बिनदिक्कत ठोकून द्यायचे. त्याच वर्षी राजूरजवळच्या एका मेंढपाळ मावशींना मुंबईतल्या मोठ्या सिनेपुरस्कारांत नामांकन मिळालं. सिनेमाचं शूटिंग भोकरदन तालुक्यातच झालं होतं. दिग्दर्शकानं मावशींना माळावर मेंढरं हाकताना बघितलं आणि आईच्या भूमिकेसाठी घेतलं.

मी त्यांच्यावर कॉलेजच्या अंकात लिहिलं होतं. म्हणून मुंबईला जायची वेळ आली तेव्हा मावशी म्हणाल्या, ती वही घेऊन हिंडणारी पोरगी संगं येत असंल तर जाते. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, मेंढरं सोडून हलणार नव्हते, पोरी सासरी. दिग्दर्शकानं दोन पास पाठवले. कार्यालयातल्या सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिल्या पानावर जागा ठेवतो म्हणाले. मंग काय, मी हरभऱ्याच्या झाडावर!

मावशींबद्दल एक सांगायलाच पाहिजे. सुगी झाली की शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात. कळप मावशींचा असला तर कुणी राखणीला येत नाही. मेंढरानं शेजारच्या रानात तोंड घातलं, तर कुणी बघितलेलं नसलं तरी त्या स्वतः जाऊन सांगतात. मावशी म्हणाल्या म्हणजे तसंच असणार, हे आजूबाजूच्या गावांनी धरूनच चाललेलं असतं.

सोहळ्याच्या दारात लाल गालिचा, बाजूला दोरी आणि दोरीपलीकडे फोटोवाल्यांची झुंबड. कलाकारांना विचारायचे आठ प्रश्न मी पाठ करून गेल्ते. पडद्यावरची माणसं हाताच्या अंतरावरून जायला लागली आणि आठातला एक आठवला असेल तर शपथ. मावशी मात्र हिरवं इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन, बाजाराला निघाल्यासारख्या चालत होत्या. फोटोवाले इकडे बघा, इकडे बघा करायला लागले तशा त्या थांबल्या. एकेकाकडे सावकाश बघितलं, आणि शेवटच्याचं होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, बिचारे कवाधरून उभे असतील, आपुन जल्दी करून कसं चालंल? मला त्यांचा असा काही अभिमान वाटला की बस.

आत कानाला बोलायचं यंत्र लावलेल्या, व्यवस्थेतल्या एका मुलीनं त्यांना रांगेच्या अगदी कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, नाव पुकारलं की इकडून या, तीन पायऱ्या आहेत, जपून चढा. मी त्यांच्या बरोबर मागे. झालं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कडेची खुर्ची देतात, पायऱ्या सांगतात, म्हणजे पुरस्कार मावशींनाच. आमच्या जिल्हा आवृत्तीचं पहिलं पान साडेआठला छपाईला जायचं आणि मावशींचा पुरस्कार जाहीर व्हायचा होता नऊनंतर. थांबले असते तर बातमी परवाच्या अंकात गेली असती, तीही कुठंतरी आतल्या पानात. मावशींना पुरस्कार, ही बातमी मी घरूनच लिहून आणली होती. ती पाठवली. सरांचा लगेच फोन आला, नक्की का? मी म्हणाले, नक्की सर, आतली माहिती आहे. 'आतली माहिती' म्हणताना काय गुदगुल्या झाल्या मला!

नऊनंतर नामांकनं वाचायला लागले तेव्हा मी मान उंच करून बघितलं. नामांकन मिळालेल्या पाचही जणी आपापल्या रांगेच्या कडेला बसल्या होत्या. पाचही जणींना कुणीतरी पायऱ्या सांगितल्या असणार.  आणि नाव पुकारलं गेलं ते दुसऱ्याच बाईचं.

ती मागच्या रांगेतून रडत रडत मंचाकडे निघाली. सगळं सभागृह बसून टाळ्या वाजवत होतं. मावशी तेवढ्या उभ्या राहिल्या, तिला वाटेतच थांबवलं, तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ती बाई त्यांच्या पाया पडली. खाली बसताना मावशी मागं वळून म्हणाल्या, "हिचा शिनेमा बघितलाय मी. लेकरू गेल्यावर भांडे घासीत बसती. बराबर तसंच असतंय." मत्सराचा एक कण नाही हो त्या आवाजात. मी असते तर भोकाड पसरलं असतं.

मी बाहेर पळाले आणि सरांना फोन लावला. पान गेलं होतं, छपाई चालू झाली होती.  परवा दुरुस्ती छापू एवढं म्हणून सरांनी फोन ठेवला. मावशींना मी काही सांगितलं नाही.

सकाळी जालन्याला रेल्वेतून उतरलो तर पेपरवाल्याच्या ढिगावर मावशींचा फोटो. त्यांना वाचता येत नाही, पण स्वतःचा चेहरा ओळखला त्यांनी. काय लिवलंय, म्हणून विचारलं. तुम्ही मुंबईला गेल्तात ते लिहिलंय, मी म्हणाले. त्यांनी पेपर घेऊन मालकांना दाखवायला पिशवीत ठेवला. राजूरच्या एसटीत खरं सांगायला तासभर मिळाला होता मला. पुढच्या थांब्याला सांगू, पुढच्या थांब्याला सांगू, करत मी सगळे थांबे घालवले.

राजूरला उतरलो आणि हलगी कडाडली. गुलाल, पेढे, हार घेतलेले सरपंच. पुरस्कार दाखवा, पुरस्कार दाखवा, असा गलका झाला. मावशींना काही उमगेना, तशी एकानं पेपर उघडून माझी बातमी मोठ्यानं वाचली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"मला न्हाई भेटला पुरस्कार," त्या म्हणाल्या.

लोक हसले. एक जण म्हणाला, मावशी, थट्टा करून राह्यल्या का, पेपरात आलंय की! दुसरा म्हणाला, पेढे द्यायला लागतील म्हणून लपवून राह्यल्या. मावशींनी पुन्हा सांगितलं, पुन्हा हशा. ज्या बाईचा शब्द कुणी कधी पारखून घेतला नव्हता, तिला आज खरं सांगूनही कुणी खरं मानत नव्हतं. आणि ते माझ्यामुळं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मावशींनी माझं मनगट धरलं आणि मला पेढ्याच्या दुकानाच्या ओट्यावर चढवलं. "तू लिवलंस ना? मंग तूच सांग."

हलगी थांबली. मी सांगितलं. मावशी खरं बोलून राह्यल्या, पुरस्कार दुसऱ्या बाईला मिळाला. निकाल लागायच्या आधीच मी बातमी पाठवली, कारण मला पहिल्या पानावर यायचं होतं. सकाळी मावशींनी विचारलं तेव्हा त्यांच्याशीही मी खोटं बोलले.   मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, मंग त्या दुसऱ्या बाईनं असं काय काम केलं? मी तिचं भांडी घासणं सांगितलं. आणि एवढ्या मोठ्या सभागृहात तिच्यासाठी एकच माणूस उभं राहिलं, ते कोण, तेही सांगितलं.

मावशी खाली उभ्या राहून माझ्याकडेच बघत होत्या.

"आता बराबर सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि सरपंचांच्या हातातल्या हारासाठी त्यांनी मान पुढे केली.