सोयाबीनच्या पोळीलाही सोबत लागते

मैत्रिणींनो, आज मेहकरला डॉक्टरीणबाईंशी भांडायलाच गेले होते.

पाळी थांबल्यापासून अंगातून एकदम गरम वाफा निघतात, पदर घामानं भिजतो. आमच्या डोणगावात सोयाबीन पोत्यांनी पिकतं अन् सगळं बाजारात जातं, घरात कोणी खात नाही. बाईंनी सांगितलं म्हणून मी अन् शेजारच्या जाऊबाईंनी गव्हात भाजलेलं सोयाबीन घालून एकत्रच दळण आणलं. त्यांच्या वाफा कमी झाल्या, माझ्या नाही.

"एकाच चक्कीचं पीठ, मंग मलेच काऊन लागू पडत नाही?" मी तावातावानं विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "सोयाबीनमधलं वाफा कमी करणारं द्रव्य साखरेला चिकटलेलं असते. आतड्यात सुटलं तरच रक्तात जाते. तिथले काही जिवाणू त्याचं जास्त जोरदार रूप बनवतात, पण ते सगळ्यांच्या पोटात नसतात. मधल्या दिवसांत अँटिबायोटिक घेतलं होतं का?"

"हाव, तापात."

"मंग त्यानंही फरक पडला असेल. हे एकट्या शरीराचं काम नाही ताई, सोबत लागते."

नवरा गेला, पोरगी पुण्याला गेली, तेव्हापासून हा शब्द कोणी माझ्यासमोर काढलाच नव्हता. येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले.

घरी एकटीपुरती कणीक भिजवली. पलीकडं जाऊबाईंकडं ताटं मांडल्याचा आवाज येत होता. आपलं ताट घेऊन तिकडं जावं का, हे ठरवेपर्यंत पोळी गार झाली.

तुम्ही गेल्या असत्या का?